घाटाचा चढ, रेषेचा चढ

रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलरपुढे एक भलामोठा तक्ता पसरलेला असायचा. आता तो संगणकाच्या पडद्यावर गेला, पण कित्येक दशकं तो कागदाचाच होता. कंट्रोलर कानाला टेलिफोन लावून हातातल्या पेन्सिलीने त्यावर रेघा ओढत बसलेला असे. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला एकावर एक स्टेशनं. कल्याण सुटली, नेरळ पास झाली, कर्जत आली. स्टेशनमास्तर सांगेल तसा कागदावर ठिपका पडायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडला जायचा. दर गाडीची एक रेघ. रेल्वेची माणसं याला चार्ट म्हणतात.

मुंबई खाली आणि पुणे वर धरलं, तर पुण्याकडे निघालेल्या गाडीची रेघ डावीकडून उजवीकडे वर चढत जाते. कल्याण ते कर्जत मुलूख सपाट, गाडी पळते, रेघ ताठ उभी राहायला बघते. कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, प्रवासी वडे घ्यायला खाली उतरतात. तेवढी मिनिटं रेघ सरळ आडवी. मग भोर घाट. ३७ फुटांमागे १ फूट इतका खडा चढ. कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरांत गाडी ५०० मीटरहून जास्त उंची गाठते, इंजिनं धापा टाकतात, आणि चार्टवरची रेघ मात्र नेमकी इथेच लोळते. जिथे खरा घाट, तिथे कागदावर जवळजवळ सपाटी. परतीच्या गाडीलाही घाट जपूनच उतरावा लागतो, म्हणून तिची रेघही तिथे तशीच लोळलेली, फक्त खाली उतरणारी. चार्टला डोंगर कळत नाही. गाडीने किती वेळात किती अंतर कापलं, एवढंच त्याला कळतं.

आपल्या भाषेने या गोंधळात भरच घातली आहे. दहावीच्या भूमितीत रेषा किती कलली आहे हे सांगणाऱ्या संख्येला ‘चढ’ म्हणतात, आणि खोपोलीहून खंडाळ्याला जाताना लागतो तोही चढच. त्यामुळे अंतर-काल आलेखातली वर जाणारी रेघ पाहून एखादं पोर ‘गाडी डोंगर चढतेय’ म्हणालं, तर मला त्याच्यावर रागावता येत नाही. आलेख दिसतो चित्रासारखा, पण तो चित्र नसतो. ही गोष्ट माणसाला कळायला फार उशीर लागला, आणि ज्यांना कळली त्यांतल्या एका फार मोठ्या माणसाचाही पाय तिथे आधी घसरला होता.

सुरुवात करावी लागते चौदाव्या शतकातल्या ऑक्सफर्डपासून. तिथल्या मर्टन कॉलेजात १३३० ते १३५० च्या सुमाराला काही पंडित एका विचित्र उद्योगात गुंतले होते. थॉमस ब्रॅडवर्डिन, विल्यम हेट्सबरी, रिचर्ड स्वाइन्सहेड, जॉन डम्बल्टन ही त्यांची नावं. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत वाढलेले हे लोक विचारत होते, की उष्णता, पांढरेपणा, पुण्य यांसारखे गुण कमी-जास्त होतात म्हणजे नेमकं काय होतं? त्यांच्या लेखी वेग हाही असाच एक गुण, जास्त तीव्र किंवा कमी तीव्र. मग प्रश्न आला, की वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला, तर एकूण अंतर किती?

उत्तर त्यांनी शोधलं, आणि ते बरोबर होतं. एखादी एसटी स्टँडवरून निघून एका मिनिटात एकसारखा वेग वाढवत ताशी ६० किलोमीटरवर पोचली, तर त्या मिनिटात ती तेवढंच अंतर कापते जेवढं दुसरी एसटी ताशी ३० च्या कायम वेगाने कापेल. दोघींचं अर्धा किलोमीटर. हेट्सबरीच्या १३३५ च्या ग्रंथात हा नियम आहे. पण ही सगळी माणसं शब्दांत आणि संख्यांत बोलत होती, वाक्यावर वाक्य रचत, वाचणाऱ्याला घाम फुटेल अशा लॅटिनमध्ये. कोणी चेंडू सोडून पाहिला नाही, कोणी घड्याळ लावलं नाही. ब्रॅडवर्डिन पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, १३४९ मध्ये, आणि पदावर बसून दोन महिने व्हायच्या आत प्लेगने गेला.

मर्टनची ही शब्दांची जंगलं इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला पोचली. तिथे नावार कॉलेजात निकोल ओरेम नावाचा नॉर्मंडीतला एक तरुण होता. १३५६ मध्ये तो त्या कॉलेजाचा प्रमुख झाला. पुढे राजा पाचव्या चार्ल्ससाठी त्याने ॲरिस्टॉटल फ्रेंचमध्ये आणला, नाण्यांवर ग्रंथ लिहिला आणि लिझियूचा बिशप म्हणून १३८२ मध्ये वारला. त्याची खरी करामत म्हणजे १३५० च्या दशकातला, गुण आणि गती यांच्या आकृत्यांवरचा त्याचा ग्रंथ. (ओरेमच्या थोडं आधी इटलीतल्या जोव्हान्नी दि कासाली या फ्रान्सिस्कन साधूनेही अशी आकृती काढली होती. पण तिचा पुरता संसार मांडला तो ओरेमने.)

ओरेम म्हणतो, एक आडवी रेघ ओढा. ती म्हणजे वेळ. तिच्यावरच्या प्रत्येक क्षणी, त्या क्षणी जेवढा वेग असेल तेवढ्या उंचीची एक उभी रेघ उभी करा. अशा असंख्य उभ्या रेघा खेटून उभ्या केल्या की कुंपणासारखी एक आकृती तयार होते. वेग कायम असेल तर आकृती आयताची. वेग शून्यापासून एकसारखा वाढत असेल तर काटकोन त्रिकोणाची. आणि त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. मर्टनवाल्यांनी पानं भरभरून सिद्ध केलेला नियम इथे एका कात्रीत होतो. त्रिकोणाच्या उंचीच्या निम्म्यावर आडवा काप द्या, वरचा तुकडा उलटा फिरवून खालच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवा. त्रिकोणाचा आयत झाला, निम्म्या उंचीचा. संपलं.

मला या कृतीचं फार कौतुक वाटतं, कारण त्यात एक धाडस आहे. वेळ ही गोष्ट कुणाला कधी दिसलेली नाही, आणि ओरेमने ती कागदावर आडवी झोपवली. वेगाला उंची दिली. उंच म्हणजे डोंगरावर नव्हे, उंच म्हणजे जोरात. हे आपण आज नववीच्या मुलाला तासाभरात सांगून मोकळे होतो. ओरेम मात्र याच आकृत्यांमध्ये उष्णतेपासून वेदना आणि आनंदापर्यंत सगळं बसवायला निघाला होता. वेदनेची आकृती जशी टोकदार तशी वेदना वेगळी, असं त्याला वाटे. आणि त्यानेही कधी काही मोजलं नाही. त्याच्या आकृतीत आकडे नव्हते. आलेख जन्माला आला तो मोजमापाशिवाय.

पुढची अडीचशे वर्षं हे युरोपच्या विद्यापीठांत पाठांतराचा विषय बनून राहिलं. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग असाच एकसारखा वाढतो, ही जोड स्पेनच्या दोमिंगो दे सोतो या धर्मपंडिताने सोळाव्या शतकात दिली, पण ती फार कुणी मनावर घेतली नाही.

मग गॅलिलिओ. तो पादुआला प्राध्यापक असताना १६ ऑक्टोबर १६०४ रोजी त्याने व्हेनिसच्या पाओलो सार्पीला पत्र लिहिलं. पडणारी वस्तू एक, तीन, पाच, सात अशा विषम प्रमाणात अंतरं कापते, हे त्याला तोवर कळलं होतं. पहिल्या क्षणात १ भाग, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५. हे खरं होतं. पण त्याचं कारण म्हणून त्याने जे तत्त्व धरलं, ते चुकीचं होतं. वस्तू जितकी खाली येते, तितका तिचा वेग वाढतो, असं तो म्हणाला. वेग अंतराच्या प्रमाणात.

आज आपण सांगतो की वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो. फरक बारीक वाटेल, पण तोच खरा अवघड आहे. पडणारी वस्तू डोळ्यांना दिसते ती जागेत: वरून खाली, एवढं अंतर. वेळ दिसत नाही. त्यामुळे त्रिकोण काढायला बसलेल्या माणसाची पेन्सिल आपोआप उभी रेघ ओढते आणि ती म्हणजे पडण्याची वाट असं धरून चालते. आलेखाचं चित्र होऊन जातं. जगातल्या सर्वात तल्लख डोक्यांपैकी एकाने तो सापळा पाहिला नाही, आणि तो त्यात राहिला काही वर्षं.

बाहेर आला तेव्हा त्याने लपवाछपवी केली नाही. १६३८ मध्ये लायडनच्या एल्झेव्हिर छापखान्यातून त्याचं ‘दोन नव्या विज्ञानां’वरचं पुस्तक निघालं. तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता आणि दृष्टी गेलेली होती. त्या संवादरूपी पुस्तकात सग्रेदो हे पात्र वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असंच सुचवतं, आणि साल्व्हियाती त्याला धीर देतो की खुद्द ग्रंथकर्तेही काही काळ याच भ्रमात होते. मग येते ती आकृती. त्रिकोण ओरेमचाच. पण गॅलिलिओने वेळेसाठी एक रेघ काढली आणि अंतरासाठी तिच्या शेजारी, वेगळी, दुसरी रेघ काढली. जणू काही पुन्हा कुणाची गल्लत होऊ नये म्हणून दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. आणि ओरेमने जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. उतरत्या फळीवरच्या खोबणीतून काशाचा गोळा सोडला आणि भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजली.

यानंतर आलेखाला शास्त्रज्ञांनी डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. त्याला पुढे आणलं व्यापाराने आणि यंत्रांनी. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये आयात-निर्यातीच्या रेघा छापल्या. जेम्स वॉटच्या कारखान्यात १७९६ च्या सुमाराला वाफेच्या इंजिनाला पेन्सिल बांधून त्यालाच आपला दाब कागदावर लिहायला लावलं गेलं, आणि ही युक्ती बरीच वर्षं गुपित ठेवली गेली. पुढे पॅरिसच्या एतिएन-ज्युल मारेने १८६० मध्ये मनगटावरच्या नाडीला काजळी धरलेल्या कागदावर लिहायला लावलं. घोड्याच्या टापांनाही. १८७८ मध्ये त्याने आलेखांच्या पद्धतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्यात इब्री नावाच्या फ्रेंच अभियंत्याच्या नावावर असलेलं पॅरिस-लियाँ मार्गाचं वेळापत्रक छापलं. आकड्यांच्या रकान्यांऐवजी नुसत्या तिरक्या रेघा. ताठ रेघ म्हणजे जलद गाडी, आडवी पायरी म्हणजे थांबा.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, २१ मैल. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. त्या स्टेशनाच्या आडव्या रेघेवर छेदल्या तर ठीक, दोन स्टेशनांच्या मध्ये छेदल्या तर घात. स्टेशनात दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडण्याला रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंग’ म्हणतात. रेघा छेदल्या म्हणजे दोन गाड्या एकाच वेळी एकाच जागी, इतका त्याचा सरळ अर्थ. कंट्रोलरला त्यात आणखी काही दिसत नाही. दिसू नयेच, कारण त्याने चुकीचा अर्थ काढला तर माणसं मरतात.

आणि नेमका हाच छेद शाळेत गेला की मुलांना वेगळं काहीतरी सांगू लागतो. पण शाळेपर्यंत आलेख पोचायलाच विसावं शतक उजाडावं लागलं. जॉन पेरी या आयरिश अभियंत्याने १९०१ मध्ये ग्लासगोच्या सभेत गणिताच्या शिक्षणावर झोड उठवली आणि मुलांच्या हाती चौकटीचा कागद द्या म्हणून आग्रह धरला. अमेरिकेत १९५६ मध्ये एमआयटीच्या जेरोल्ड झकारायस यांनी भौतिकशास्त्राच्या शिक्षणाची एक नवी योजना उभी केली, आणि तिच्यासोबत वर्गात टिकटिक करणारं एक साधं यंत्र आलं. दरवाजाच्या घंटीसारखी थरथरणारी पट्टी कागदी फितीवर ठरावीक अंतराने ठिपके उमटवते. फीत चाकाच्या गाडीला बांधायची, गाडी ओढायची. ठिपके विरळ झाले की वेग वाढला. इंग्लंडमधल्या नफिल्ड अभ्यासक्रमात तर त्या फितीचे सारख्या वेळाचे तुकडे कापून एकाशेजारी एक उभे चिकटवायचे. मुलांच्या वहीत गोंदाच्या डागांसकट ओरेमचं कुंपण उभं राहायचं. शास्त्राच्या शिक्षणातली इतकी देखणी कृती मला दुसरी आठवत नाही.

एवढं करूनही मुलं चुकत होती. कुठे चुकतात, हे कुणी पद्धतशीर विचारलंच नव्हतं. ते विचारायला सुरुवात झाली १९७० नंतर. नॉटिंगहॅमला क्लोद झाँव्हिए यांनी मुलांपुढे शर्यतीच्या गाडीच्या वेगाचा आलेख ठेवला आणि विचारलं, गाडी कोणत्या मार्गावर धावत असेल? मुलांनी आलेखासारखा दिसणारा मार्ग निवडला. आलेखातली रेघ जिथे जिथे वळली तिथे तिथे रस्त्यालाही वळण. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी टेकडी चढून उतरणाऱ्या सायकलस्वाराच्या वेगाचा आलेख काढायला सांगितला, आणि पुष्कळांनी टेकडीच काढून दिली. चढताना सायकल मंदावते, म्हणजे वेगाची रेघ तिथे खाली जायला हवी. आपला भोर घाटच, फक्त सायकलवर.

सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून मुलाखती घेतल्या. दोन रुळांवर दोन चेंडू सोडायचे आणि विचारायचं, दोघांचा वेग कधी सारखा होता? अनेक जण सांगत, एकाने दुसऱ्याला गाठलं तेव्हा. शेजारी आले म्हणजे वेग सारखा. १९८७ च्या त्यांच्या लेखात हीच चूक आलेखावर उतरलेली दिसते. अंतर-काल आलेखात दोन रेघा छेदतात त्या बिंदूवर बोट ठेवून विद्यार्थी सांगतात, इथे वेग सारखा. खरं तर तिथे जागा सारखी असते. वेग सारखा असतो जिथे दोन रेघांचा चढ सारखा, आणि तिथे रेघा एकमेकींपासून लांबही असू शकतात. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणारे हे विद्यार्थी होते. गॅलिलिओच्या १६०४ च्या पत्रात जी गल्लत, तिचीच ही धाकटी बहीण: जे डोळ्यांना आधी दिसतं, तेच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाटतं.

१९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या रॉबर्ट बाइख्नर यांनी गतीच्या आलेखांवर २१ प्रश्नांची चाचणी तयार केली. हा भाग शिकून झालेल्या शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी ती सोडवली, आणि सरासरी गुण साधारण ४० टक्के पडले. इतके कमी गुण एकट्या मुलांच्या माथी मारणं मला पटत नाही.

दरम्यान औषध आलं होतं ते एका अनपेक्षित दुकानातून. पोलरॉइड कंपनीने १९७८ मध्ये एक कॅमेरा काढला. तो वटवाघळासारखा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचा माणूस किती लांब आहे हे मोजायचा आणि आपोआप फोकस लावायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबर्ट टिंकर, रोनाल्ड थॉर्न्टन आणि त्यांच्या मंडळींनी ते अंतर मोजणारं यंत्र कॅमेऱ्यातून काढून संगणकाला जोडलं. आता विद्यार्थी त्याच्यासमोर उभा राहतो आणि मागे चालत जातो; पडद्यावर अंतराची रेघ वर चढते. थांबला, रेघ आडवी. परत जवळ आला, रेघ खाली. मुलाने आपल्याच पायांनी आलेख काढायचा. पडद्यावर आधीच काढलेल्या रेघेप्रमाणे चालून दाखव, असं सांगितलं की वर्गात हसू फुटतं. वाकडी रेघ गिरवायला वाकडं चालणारा एक तरी निघतोच, आणि दोनदा चुकला की त्याला उमजतं, की चालायचं सरळच आहे, बदलायचा आहे तो वेग.

हेदर ब्रॅसेल यांनी १९८७ मध्ये एक तपासणी केली. एका गटाला चालताना लगेच पडद्यावर रेघ दिसत होती. दुसऱ्या गटाला तीच रेघ, तसाच पडदा, पण हालचालीनंतर २० सेकंदांनी. पहिल्या गटाची समज एका तासिकेत लक्षणीय सुधारली. दुसऱ्या गटाचा फायदा त्या २० सेकंदांत बहुतेक सगळा वाहून गेला. पाय आणि रेघ एकाच क्षणी हलायला हवेत. कंट्रोलरच्या बाबतीत नेमकं तेच होत असे: फोन आला की ठिपका.

यंत्र नसेल तर अडत नाही. पुढच्या वेळी दिवसा मुंबईहून पुण्याला रेल्वेने निघालात, तर चौकटीचा एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. रुळांच्या कडेला दर किलोमीटरला अंतराच्या पाट्या असतात. कल्याणनंतर खिडकीतून पाटी दिसली की मोबाइलवरची वेळ बघून ठिपका टाका. आडवी वेळ, उभं अंतर. कर्जतला वडा खाताना काही मिनिटं रेघ आडवी जाऊ द्या. गाडी सुटल्यावर बाहेर बोगदे आणि दऱ्या लागतील, बोगद्यात एखादी पाटी चुकेल, चालेल. मुलं सोबत असतील तर कागद त्यांच्या हातात द्या आणि लोणावळा आल्यावर फक्त एवढंच विचारा, की यात घाट कुठे आहे.